नववी नोंद

१

पद्माकरकाका प्रत्येक गोष्ट दोनदा करतात. कुलूप दोनदा ओढून बघतात, लिफ्टचं बटण दोनदा दाबतात, चहात साखर घातलीस का हेही दोनदा विचारतात. हे सगळं मी सहन करत होते. पण दर गुरुवारी पॅनेल रूममध्ये प्रत्येक रीडिंग दोनदा घ्यायचं, याने मात्र माझं डोकं फिरायचं.

फरीदाबादमध्ये गाड्यांचे रबरी भाग बनवणारा आमचा कारखाना आहे आणि त्याच्या विजेची देखभाल आम्ही दोघं करतो. मी सांगलीहून इंजिनिअरिंग करून आलेली, चोवीस वर्षांची. ते भुसावळचे, तीस वर्षं इथेच, नोव्हेंबरअखेर निवृत्त होणारे. कारखान्याचा नियम असा की, चालू पॅनेलवर एकट्याने काम करायचं तर वरिष्ठाची सही लागते. वर्ष झालं, काकांनी माझ्या फॉर्मवर सही केली नव्हती. विचारलं की म्हणायचे, "बघू." महिनाअखेरपर्यंत सही झाली नाही, तर बाहेरून कुणीतरी नवा माणूस येणार आणि मी आणखी वर्षभर त्याच्यामागे मीटर धरून फिरणार.

कारण माझं काम तेवढंच होतं, मीटर धरणं. काका हातात रबरी मोजे घालून लाल आणि काळ्या वायरींची टोकं पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्ट्यांना टेकवायचे. मी आकडा वाचायचा आणि बटण दाबून मीटरच्या मेमरीत साठवायचा. मग काका म्हणायचे, "फिर एक बार." पुन्हा टेकवायचे, पुन्हा साठवायचं. सात पॅनेल, चौदा नोंदी. चारशे तेराचे चारशे तेराच यायचे. फार तर एखाद्या दशांशाचा फरक.

शिवाय मंत्र होता. मीटरला खाली चार भोकं असतात. काळी वायर कायम कॉमनमध्ये. लाल वायर व्होल्ट मोजताना अगदी उजवीकडच्या भोकात, अँपिअर मोजताना अगदी डावीकडच्या. लाल वायर चुकून डावीकडे राहिली आणि टोकं चालू पट्ट्यांना टेकली, तर मीटर मधल्यामध्ये जाड तारेसारखा होतो. शॉर्ट सर्किट, समोरासमोर, हातभर अंतरावर. म्हणून ज्याच्या हातात मीटर, त्याने दर पॅनेलला मोठ्याने म्हणायचं: "लाल व्होल्टला, काळी कॉमनला." ते ऐकल्याशिवाय काका वाकत नसत. मी म्हणायचे. शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं, खिडकीबाहेर बघत.

दोन गोष्टी काकांना माहीत नव्हत्या. वायर चुकीच्या भोकात असली की मीटर टीं-टीं ओरडतो. ती कटकट मी पहिल्याच आठवड्यात सेटिंगमध्ये जाऊन बंद केली होती. आणि दिवाळीआधी अँपिअरच्या भोकामागचा फ्यूज उडाला, तेव्हा कंपनीचा जाड फ्यूज यायला तीन आठवडे लागणार होते. मी फरीदाबादच्याच एनआयटी भागातल्या बाजारातून काचेचा साधा फ्यूज आणून बसवला आणि काकांना सांगितलं, आला.

२

मीटर स्टीलच्या कपाटात असतो. किल्ली माझ्याकडे. शुक्रवारी मी नोंदी कॉम्प्युटरवर उतरवते आणि मेमरी पुसते.

सोमवारी सकाळी सेल बघायला म्हणून मीटर चालू केला, तर मेमरीत नऊ नोंदी होत्या.

आधी वाटलं, पुसायच्या राहिल्या. मग एकेक बघत गेले. पहिली ४१४.२ व्होल्ट. दुसरी ४१४.१. तिसरी, चौथी ४१३.७. पाचवी ४१२.९, सहावी ४१३.०. जोड्या. म्हणजे काकांचंच काम. सातवी आणि आठवी मात्र अँपिअरमध्ये होत्या, दोन्ही ०.४२. गुरुवारच्या फेरीत अँपिअर मोजायची वेळच येत नाही. आणि नववी: अँपिअर, आकड्याच्या जागी ओएल, म्हणजे मोजण्यापलीकडे.

त्यानंतर काही नाही.

मी सरळ काकांच्या टेबलापाशी गेले आणि विचारलं की, रविवारी येऊन माझ्या पाठीमागे फेरी मारता का. त्यांनी डबा उघडता उघडता चष्म्यावरून बघितलं. म्हणाले की, रविवारी ते नातीला घेऊन सूरजकुंडला गेले होते, आणि कपाटाची किल्ली तर माझ्याकडेच असते ना. मग म्हणाले, "किती नोंदी आहेत?"

"नऊ."

"मग माझ्या नाहीत," ते म्हणाले आणि भाजीत मीठ आहे का ते बघायला लागले.

ते खरं होतं. काकांच्या हातात आकडा कधी विषम होत नाही.

मी मेमरी पुसली.

३

मंगळवारी नोंदी परत आल्या होत्या. त्याच नऊ, त्याच क्रमाने, दशांशासकट.

मी दिल्लीत मुनिरकात राहते, विनयासोबत एका खोलीत. ती दोन वर्षं यूपीएससीची तयारी करतेय आणि तिला प्रत्येक गोष्टीची तीन कारणं देता येतात. रात्री मॅगी खाताना तिला सांगितलं. तिने बोटावर मोजली: मेमरीची चिप खराब, पुसण्याचं बटण खराब, किंवा मीटर तुझ्या काकांच्या वयाचा झालाय. आम्ही हसलो. मग तिने चमचा खाली ठेवला.

"पण यार, हे आकडे तू याआधी कधी घेतलेच नाहीस ना? मग जुने परत कसे येतील?"

मी म्हटलं, कधीतरी घेतले असतील. मग मागच्या सहा महिन्यांची फाइल फोनवर उघडून शोधलं. ०.४२ कुठेच नव्हता. मी फोन बंद केला आणि विषय बदलला. इंजिनिअर बाईने मीटरला घाबरायचं म्हणजे काय.

बुधवारी दुपारी मी ऑफिसात एकटी होते. काका कॅन्टीनला, शॉप फ्लोअर जेवायला थांबलेला, एक्झॉस्ट पंखासुद्धा बंद. त्या शांततेत कपाटातून आवाज आला. टीं-टीं. टीं-टीं.

मी बंद केलेला आवाज.

दार उघडेपर्यंत तो थांबला. मीटर बंद होता. मी तो बाहेर काढून बघितला, चारही भोकं रिकामी. वायरी शेजारी गुंडाळलेल्या, काकांनीच गुंडाळलेल्या, प्रत्येक वेटोळं सारखं. रिकाम्या भोकांचा मीटर चुकीच्या वायरीसाठी ओरडत नसतो. मी स्वतःला समजावलं की, फॉर्कलिफ्टचा रिव्हर्सचा आवाज असेल. तो असाच असतो, थोडाफार.

परत ठेवताना माझा अंगठा डावीकडच्या भोकावरून गेला. अंगठ्याला काळं लागलं. तेलाचं नव्हे. तव्याच्या बुडाला हात लागला की लागतं तसं, कोरडं, बारीक. मी ओढणीला पुसलं. फरीदाबादमध्ये सगळ्यालाच काळं लागतं, आमच्या खिडकीत वाळत घातलेल्या कपड्यांना, नाकाला, रुमालाला. भोकाच्या कडेला मात्र एक बाजू पाघळल्यासारखी दिसली. उजेडात नेऊन बघितलं तर कड सरळ, नव्यासारखी.

ओढणीवरचा डाग तेवढा तसाच होता.

त्या वेळी काकांना सांगायला हवं होतं. आज लिहिताना हे सोपं वाटतं. तेव्हा मी असा विचार केला की, 'काका, मीटर आपोआप आकडे दाखवतो,' असं म्हणणाऱ्या मुलीच्या फॉर्मवर कोण सही करेल?

मी मेमरी पुन्हा पुसली.

४

गुरुवारी सकाळी मेमरी रिकामी होती. मला इतकं हलकं वाटलं की, काकांच्या चहात मी न विचारता साखर घातली.

अकराला आम्ही पॅनेल रूममध्ये गेलो. पंख्याच्या घरघरीत तिथे ओरडूनच बोलावं लागतं. पहिलं पॅनेल. मी मंत्र म्हटला, काका वाकले, मी बटण दाबलं. ४१४.२.

"फिर एक बार."

४१४.१.

हे घडू शकतं, मी मनात म्हटलं. व्होल्टेज रोज याच्याच आसपास असतं. दुसरं पॅनेल. ४१३.७. मी दुसरा आकडा न बघताच बटण दाबलं, आणि मग बघितलं. ४१३.७. काकांनी विचारलं की, आवाज का बसलाय. मी म्हटलं, प्रदूषण. ते सगळ्यांनाच पटतं.

तिसऱ्या पॅनेलला ४१२.९ आणि ४१३.०.

हिशेब माझ्या डोक्यात आपोआप चालू होता. आता सातवी अँपिअरमध्ये यायला हवी, आणि आमच्या फेरीत अँपिअर नाही. म्हणजे सगळा योगायोग इथे संपतो. चौथ्या पॅनेलला चारशे काहीतरी येईल आणि मी विनयाला फोन करून हसेन.

तेवढ्यात साकेत सर दारात आले. आमचे प्लांट मॅनेजर, पुण्याचे, कायम फोन कानाला. प्रदूषणामुळे निर्बंध वाढलेत, ते म्हणाले, आजपासून जनरेटर चालवायचा नाही. लाइट गेली तर कंट्रोलचं सगळं बॅटरीवर. त्यामुळे बॅटरीचा चार्जर किती करंट देतोय ते त्यांना आत्ताच्या आत्ता हवं होतं. कोपर्‍यातच होता तो चार्जर.

काका म्हणाले की, फेरी पुरी करून बघतो. सर म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, खरंच दोन मिनिटांचं आहे."

त्यांनी मला विचारलं, फ्यूज नवाच आहे ना. मी मान हलवली.

चार्जरची पट्टी सोडवून मीटर मधे जोडायचा असतो. मी लाल वायर डावीकडच्या भोकात घातली, मीटरचं गोल बटण अँपिअरवर फिरवलं. आकडा स्थिर व्हायच्या आधीच मला तो माहीत होता.

०.४२.

"फिर एक बार."

०.४२.

५

नंतर काय झालं ते मी खूपदा आठवून बघितलं आहे. नेमकी त्याच वेळची साखळी मनात लागत नाही. सर दारातून विचारत होते, किती. मी मागे वळून ओरडून सांगितलं, पॉइंट फोर टू. त्यांनी विचारलं, चांगलं की वाईट. मी म्हटलं, चांगलं. काकांनी चार्जरची पट्टी परत आवळली आणि दोन्ही टोकं घेऊन चौथ्या पॅनेलसमोर गेले. मी त्यांच्यामागे. त्यांनी दार उघडलं, पुढचं झाकण काढलं, आतल्या तांब्याच्या पट्ट्या दिसल्या. ते थांबले. माझ्या वाक्याची वाट बघत.

आणि मी म्हटलं, "लाल व्होल्टला, काळी कॉमनला."

म्हटलं मी. रोजच्यासारखं, सूर लावून. डोळे दाराकडे, अंगठा बटणावर.

काका वाकले.

तेव्हा तो आला. टीं-टीं. पंख्याच्या घरघरीत मला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, पण हा आला, माझ्या तळव्यातून, हाडातून वर चढावा तसा. मी खाली बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात पुढच्या नोंदीचा क्रमांक होता: ९. शेजारी लहानसा ए. आणि लाल वायर डावीकडे.

इतके दिवस मला वाटत होतं, नववी नोंद एकटी आहे म्हणजे ती माझी असेल, कारण एकदाच बटण दाबणारी मीच. त्या क्षणी कळलं. ती जोडीतली पहिली होती. दुसरी घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

"काका, हात मागे."

मी ओरडलेसुद्धा नाही. इतक्या हळू म्हटलं की ऐकू जायला नको होतं.

पण या माणसाचे हात तीस वर्षं या दोन शब्दांसाठी तयार होते. का, काय झालं, तू कोण सांगणारी, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. आधी हात मागे आले, छातीपाशी, टोकं वर केलेली. मग मान वळली.

पॅनेलच्या दाराला एक जुना काट्याचा मीटर आहे, वर काच. माझी नजर त्या काचेवर गेली. काचेत काका दिसत होते, आणि काचेतल्या काकांचे हात मागे आले नव्हते. ते पुढेच जात होते. टोकं पट्ट्यांना लागली, आणि काच आतून पांढरी झाली. आवाज नाही. त्या पांढऱ्यात काकांच्या शेजारी, मीटर धरून, एक मुलगी उभी होती, तिचा अंगठा बटणावर दाबलेला.

मग ती फक्त काच होती, धुळकट, मागे काटा.

माझा अंगठाही दाबलेला होता. मी खाली बघितलं. नववी नोंद साठवली गेली होती.

०.००.

६

काकांनी पॅनेलचं झाकण लावलं, मग दार, आणि दोनदा ओढून बघितलं. मग माझ्या हातातला मीटर घेतला, लाल वायर कुठे आहे ते बघितलं, आणि खाली रबरी चटईवर बसले. मी त्यांना कधी असं जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं. साकेत सर फोनवर बोलत केव्हाच निघून गेले होते.

मी सगळं सांगून टाकलं. आवाज बंद केल्याचं, बाजारातल्या फ्यूजचं, मंत्र न बघता म्हणते त्याचं. कपाटाचं आणि काचेचं सोडून सगळं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला, मीटरचं मागचं झाकण उघडलं, काचेचा फ्यूज काढून तळहातावर धरला.

"हा स्फोट थोपवत नाही गं," ते म्हणाले. "हा त्यात सामील होतो."

मी रडायला लागले. म्हटलं, फॉर्म फाडून टाका. म्हटलं, मला मीटरसुद्धा धरू देऊ नका.

"चूप. पाणी आण आधी."

पाणी पिऊन त्यांचा चेहरा जागेवर आला. मी शिव्यांची वाट बघत होते. ते म्हणाले, "वर्षभर मी सही का केली नाही, माहितीये? तू मला रोज उलट बोलतेस. काका, किती वेळ लावता. काका, बस्स झालं. पण मला थांबवलंस एकदा तरी? मी चुकीच्या ठिकाणी हात घातला असता, तरी तू कंटाळून बघत राहिली असतीस. जी म्हाताऱ्याला 'हात मागे' म्हणू शकत नाही, तिला मी एकटीला इथे कसं सोडू?"

"चूक माझी होती, काका."

"तुझीच होती. आणि बिल्कुल पक्की होती. म्हणून सही आज नाही. तीस तारखेपर्यंत मंत्र बघून म्हण, मग बघू."

ते कण्हत उठले, चटई सरळ केली. मग मीटर माझ्या हातात दिला. मी लाल वायर उजवीकडे घातली, डोळ्यांनी बघून, बोट लावून. ते मात्र पडद्याच्या कोपऱ्यातल्या क्रमांकाकडे बघत होते.

"नऊ आहेत," ते म्हणाले. "असं सोडायचं नाही. फिर एक बार."

पॅनेल बंद होतं, टोकं हवेत होती, मोजायला काहीच नव्हतं. तरी मी बटण दाबलं. दहावी नोंद, ०.००. इतकी सुंदर गोष्ट मी त्या पडद्यावर कधी बघितली नव्हती. मला हसू आलं आणि थांबेना. काकाही हसले, आणि मग म्हणाले की, पळ, आता चहा आण, साखर घालून. मी दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितलं, साखर घालून.

७

सही तीस तारखेला झाली, संध्याकाळी साडेपाचला, त्यांचा सत्कार उरकल्यावर. शाल खांद्यावर तशीच ठेवून त्यांनी फॉर्म वाचला, आणि दोन ठिकाणी सही केली. एकाच ठिकाणी लागत होती.

कंपनीचा फ्यूज आला, मी तो काकांसमोरच बसवला होता. मीटरचा आवाज चालू आहे. कपाट तेव्हापासून गप्प आहे. कधी दुपारी शॉप फ्लोअर थांबतो, पंखा बंद होतो, तेव्हा मी हातातलं काम सोडून ऐकते. काही नसतं. ओढणी मी टाकून दिली.

चौथ्या पॅनेलची काच मी बदलून घेतली. साकेत सरांनी कारण विचारलं, तर म्हटलं, आकडा नीट दिसत नाही.

आणि दर गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला काकांचा फोन येतो. मागे कुकरची शिट्टी, नातीचा हिंदीतला आरडाओरडा. ते कसं चाललंय वगैरे विचारत नाहीत.

"किती?"

"चौदा."

मेमरीत आपोआप परत येणाऱ्या नोंदींचं मी त्यांना नंतरही कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. पण मी आकडा सांगितला की मला नेहमी वाटतं, पलीकडे तेही काहीतरी मोजून बघतायत.

"फिर एक बार," ते म्हणतात.

मी पडद्याकडे बघते. डोळ्यांनी, नीट. "चौदा, काका."

"बरं. जा, जेवून घे."